सहावं नाव

गाडीत मुलांच्या दोन खुर्च्या बसवल्या की मागच्या सीटवर मधे चौदा इंच जागा उरते. हे मी टेपने मोजलं आहे. मोजलं तेव्हा सुयोग ऑफिसात होता आणि जान्हवी मुलांना घेऊन बागेत गेली होती, त्यामुळे मी पार्किंगमध्ये गाडीत डोकं खुपसून काय करतोय हे फक्त वॉचमनने पाहिलं. मग घरी येऊन जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, त्यावर बसलो, दोन्ही बाजूंना पेन्सिलने खुणा केल्या आणि स्वतःला मोजलं. साडेचौदा. मुलुंड ते देवगड अर्धा इंच आत ओढून बसायची माझी तयारी होती.

अडचण एवढीच होती की ती जागा माझी नव्हती. ती शेवंतीबाईंची होती.

शेवंतीबाई म्हणजे माझ्या सुनेची, जान्हवीची, आई. बोरिवलीला राहतात, पण आठवड्यातले चार-पाच दिवस मुलांना सांभाळायला आमच्याकडे असतात. त्यांच्या बाजूच्या खुणा मी काढलेल्या नाहीत आणि काढणारही नाही, पण चौदा इंचांत त्या बसतील असं भूमितीला वाटत नव्हतं. तरी सहलीचं निघाल्या दिवसापासून 'मागे मधे आई' हे ठरलेलं होतं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, त्यांनी हो म्हटलं नव्हतं. पंखा डोक्यावर असतो तशा त्या सहलीत होत्या.

सहल अशी. मे महिन्यात चार दिवस काढून आमच्या गावी जायचं, पण हायवेने नाही. समुद्राच्या कडेकडेने, खाड्या आल्या की गाडी फेरीबोटीत घालून ओलांडत. गाव देवगडच्या अलीकडे. जाणारे सुयोग, जान्हवी, साडेसहा वर्षांची अबोली, साडेतीन वर्षांचा देवेश आणि आजी.

मला यायचं होतं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

दोष त्यांचा नाही. सुयोगची आई गेल्यापासून सहा वर्षांत 'बाबा, येताय का?' या प्रश्नाला मी इतक्यांदा 'तुम्ही जाऊन या, मला वाचायचंय' म्हणालो की तो प्रश्नच बंद पडला. ते गेल्यावर मी वाचत असे हेही पूर्ण खरं नाही. पुस्तक मांडीवर घेऊन लिफ्टचा आवाज ऐकत बसायचो. मग जानेवारीत अबोलीने शाळेसाठी 'माझं घर' असं चित्र काढलं. त्यात आई, बाबा, देवेश, आजी, आजीची पिशवी, इतकं सगळं होतं. मी विचारलं, "आणि मी?" तिने बोट ठेवून दाखवलं. पुस्तकांच्या कपाटाला तिने चष्मा काढला होता.

त्या दिवसापासून मला यायचं होतं. पण त्र्याहत्तराव्या वर्षी 'मलाही न्या' हे वाक्य तोंडातून कसं काढायचं ते मला कळेना. मी आरशासमोर म्हणून पाहिलं. चार वर्षांच्या पोरासारखं वाटलं. देवेश ते जास्त चांगलं म्हणतो, कारण तो जमिनीवर लोळून म्हणतो.

म्हणून मी उपयोगी पडायचं ठरवलं.

जान्हवी अंधेरीच्या एका कंपनीत प्रोजेक्ट सांभाळते, त्यामुळे सहलीचा तक्ता लॅपटॉपवर होता आणि त्याला रंग होते. हिरवं म्हणजे ठरलं. पिवळं म्हणजे सुयोगवर अवलंबून, म्हणजे ठरणार नाही. लाल म्हणजे नातेवाईक. आमच्या घराण्यात किनाऱ्याने प्रवास करणं निवडणुकीच्या प्रचारासारखं असतं. दर पंधरा-वीस किलोमीटरवर एक घर असं आहे की दारावरून गेलात आणि आत गेला नाहीत, तर पुढची तीन लग्नं ते तुमच्याकडे पाठ करून जेवतात.

"बाबा, ह्या सगळ्यांना चुकवून जायचा रस्ता सांगा ना," जान्हवी म्हणाली.

मी सांगितला. मी त्या किनाऱ्याबद्दल छापलेलं जवळपास सगळं वाचलं आहे. कुठली खाडी कधी भरते, कुठला घाट कुणी बांधला, बोट बंद पडली तर वळसा किती पडतो. मागच्या वाटा काढून मी नऊ घरं चुकवली. दोन संध्याकाळी आम्ही शेजारी बसून हे केलं आणि मला फार बरं वाटलं. मग सुयोगने संडासांचा प्रश्न काढला.

लहान मुलं बरोबर असली की समुद्र वगैरे नंतर. देवेशला लागली की लागली. त्याच्याकडे मधली अवस्था नाही. अबोलीला कमोड लागतो, तो कोरडा लागतो, आणि दाराबाहेर कुणी बोललेलं चालत नाही. मी गावोगाव फोन लावले, हॉटेलांत विचारलं, पेट्रोलपंपांची माहिती काढली आणि वेगळी यादी केली. ती तक्त्यात भरली तेव्हा लक्षात आलं की कोरडे, स्वच्छ कमोड जवळजवळ सगळे लाल रंगात होते.

"म्हणजे वासंती मावशीकडे थांबायचं नाही, पण मावशीच्या संडासात जायचं," सुयोग म्हणाला.

"पाच मिनिटांत होईल ना," जान्हवी म्हणाली. "गाडी चालूच ठेवायची. पोरीला लागली म्हणून आलो, बाय."

"मावशी घावणे घातल्याशिवाय पोरीला कडी लावू देणार नाही," मी म्हणालो.

दोघंही हसले. मी विनोद केला की सहसा कुणी हसत नाही, त्यामुळे मला वाटलं, आता. आता कुणीतरी म्हणेल. आणि जान्हवी म्हणालीच, "खरंच बाबा, तुम्ही नसतात तर आमची वाट लागली असती."

मी वाट पाहिली.

"ह्याची मोठ्या अक्षरांत प्रिंट काढून द्याल का? गाडीत तुम्ही नसणार ना."

मी काढून दिली. सोळा पानं झाली.

जाण्याच्या आठ दिवस आधी चंदूचा फोन आला. चंद्रप्रकाश माझा चुलतभाऊ. गावात असतो, देवळाचं तोच बघतो.

"दादानू, गाडी पाण्यावर घालतलास आणि गाऱ्हाणा नाय?" तो म्हणाला.

गाऱ्हाणं म्हणजे कामाला निघण्याआधी गावच्या देवापुढे, आमच्याकडे रवळनाथापुढे, मोठ्याने मांडायचं म्हणणं. घरातला वडीलधारा एकेक वाक्य बोलतो आणि बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणून दुजोरा देतात. प्रवासाचं असेल तर जाणाऱ्या प्रत्येकाचं नाव त्यात घ्यावं लागतं. नाव घेतलं की तो माणूस देवाच्या लेखी गाडीत बसला. मग त्याने मागे राहायचं नाही. आमच्या एका काकांचं नाव घेतलं होतं आणि ऐन वेळी मूळव्याधीमुळे ते घरी थांबले. गाडी गेली-आली सुखरूप. काका मोरीत पडून हात मोडून बसले. चंदूच्या मते यात देवाची चूक नव्हती. देव गाडीतल्या काकांना सांभाळत होता. मोरीत कोण आहे याची त्याला कल्पना नव्हती.

मी चौतीस वर्षं विमा कंपनीत अपघातांचे दावे वाचले. इतकं स्वच्छ कलम आमच्या एकाही पॉलिसीत नव्हतं.

मी देव मानत नाही. पण हे चार माणसांत म्हणायचं धैर्य नसल्यामुळे लोक मला श्रद्धाळू समजतात. सुयोग मानत नाही आणि तसं म्हणतो, तरी चंदूशी वाद घालायला तोही घाबरतो. तेव्हा ठरलं की रविवारी सकाळी चंदू देवळात फोन धरेल आणि आम्ही मुलुंडहून व्हिडिओवर गाऱ्हाणं घालू. बोलायचं मी. घरात वडीलधारा दुसरा नव्हता.

चार माणसांपुढे मोठ्याने बोलणं मला जमत नाही. ऑफिसातल्या माझ्या निरोप समारंभात मी आभाराचं भाषण लिहून नेलं होतं आणि ते साहेबांच्या हातात देऊन खाली बसलो होतो. म्हणून गाऱ्हाणंही मी कॅलेंडरच्या पानामागे लिहून काढलं. त्यात पाच नावं लिहिली होती. हे मुद्दाम सांगतो, कारण मी आधीपासून ठरवलं होतं असं नंतर सुयोग म्हणाला. मी ठरवलं नव्हतं. नव्हतं ठरवलं असं छातीठोक सांगताही येत नाही.

रविवारी शेवंतीबाई बोरिवलीहून चकल्यांचा डबा घेऊन आल्या. टेबलावर साखरेच्या डब्याला टेकवून फोन उभा केला. पडद्यावर डावीकडे अर्धा रवळनाथ दिसत होता आणि उजवीकडे चंदूची काख.

"जरा फोन सरळ धर रे काका," सुयोग म्हणाला.

"देव दिसता मां? मगे झाला," चंदू म्हणाला. "दादानू, घाला."

मी कागद धरला.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. शेवंतीबाई मूळच्या नगरकडच्या. त्यांना हा प्रकार नवीन होता, म्हणून त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

"आज ही तुझी लेकरा मुंबयसून दर्याच्या वाटेन तुझ्या पायाकडे येवक निघतत."

"व्हय म्हाराजा."

"तेंच्या गाडयेचा चाक पंक्चर होवचा नाय, पोरांक ऊन बाधाचा नाय, आणि कोण ओकलोच तर पिशयेतच ओकूक दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," जान्हवी अगदी मनापासून म्हणाली. गेल्या वर्षी मनोरीला जाताना देवेश सुयोगच्या मानेवर ओकला होता.

"सुयोग, जान्हवी, अबोली, देवेश, शेवंती," मी वाचलं. इथे कागदावरची नावं संपत होती. चंदू मान हलवून ताल धरत होता. सगळ्यांची तोंडं 'व्हय'साठी अर्धी उघडली होती. त्या तोंडांकडे पाहून मला वाटलं, या घरात मी काहीही म्हटलं तर होच म्हणतील अशी ही एकच वेळ आहे.

"आणि विद्याधर," मी म्हणालो. "अशी ही नावा घेतलेली माणसा राजीखुशीन न्ही आणि राजीखुशीन परत पोचव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

चंदूने घंटा वाजवली. शेवंतीबाईंनी चकल्यांचा डबा उघडला. मी कागदाची घडी केली. झालं होतं.

"सहा," अबोली म्हणाली.

"काय सहा?" जान्हवीने विचारलं.

"आबाने सहा नावं घेतली." तिने बोटं दाखवली. "गाडीत पाचच जण बसतात. विद्याधर कोण?"

देवेशने तेवढ्यात दोन चकल्या उचलल्या.

"बाबा," सुयोग म्हणाला, "तुम्ही तुमचं नाव घेतलंत?"

"सवयीने आलं असेल," मी म्हणालो.

"कसली सवय? तुम्ही जाताच कुठे?"

हे खरं होतं.

"आता काय करायचं?" जान्हवी म्हणाली. "सात सीटर बघायची का?"

"मेच्या पहिल्या आठवड्यात? आत्ता? मिळाली तर तो ड्रायव्हरसकट देणार. म्हणजे सहा अधिक एक, मग सामान कुठे?" सुयोग फोनकडे वळला. "काका, एक नाव चुकून गेलंय. कॅन्सल करून टाक ना यार."

"कॅन्सल?" चंदू फोनच्या इतका जवळ आला की पडद्यावर नुसती मिशी राहिली. "ता काय रेल्वेचा तिकीट हा?"

"मग?"

"नाव परत घेवचा आसात तर घेवक येता. पण ज्याचा नाव, तेनाच बोलूक होया. ह्याच माणसांसमोर. आणि कारण सांगूक होया. देवाक उगाच फसवून चलाचा नाय."

हा नियम जुना होता की चंदूने तो तिथल्या तिथे बनवला, मला माहीत नाही. पण सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि फोनमधून अर्ध्या रवळनाथानेही.

मी चष्मा काढला. समोरचं नीट दिसलं नाही की थोडं सोपं जातं.

"बा देवा म्हाराजा," मी म्हणालो, आणि मालवणी तिथेच संपली. "माझं नाव चुकून आलं नाही. मी घातलं. मला जायचं होतं. मला त्या फेरीबोटीत पोरांबरोबर बसायचं होतं. आता जागा नाही, म्हणून मी नाव मागे घेतो. शेवंतीबाईंच्या नावाला हात लावलेला नाही, हे लक्षात असू दे."

'व्हय म्हाराजा' कुणी म्हणालं नाही.

"बाबा," जान्हवी म्हणाली, "तुम्हाला यायचं होतं?"

"हो."

"मग बोलायचं ना. सोळा पानं प्रिंट काढून दिलीत मला. एका ओळीत लिहायचं, मी येतो."

"तू विचारलं नाहीस," मी म्हणालो. हे मी म्हणायला नको होतं. तिचा चेहरा उतरला.

"मी कशी विचारणार? दर वेळेस तुम्ही—"

"थांब गं," शेवंतीबाई म्हणाल्या. त्यांनी हातातली चकली ताटलीत ठेवली, हात झटकले आणि फोन स्वतःकडे फिरवला. "अहो भाऊ, ते देवाला दाखवा जरा. माझंपण नाव आहे ना त्यात?"

"आसा," चंदू म्हणाला.

"मग मलाही बोलायचंय." त्यांनी हात जोडले. "देवा, तुमची-आमची ओळख नाही. मी बोरिवलीची. तर असं आहे, की मला यायचं नाही."

"आई," जान्हवी म्हणाली.

"देवाशी बोलतेय. मधे बोलू नको." त्या पुन्हा फोनकडे वळल्या. "मला कुणी विचारलेलंच नाही. माझे गुडघे गेलेत. समुद्र मला आवडत नाही, चपलेत वाळू जाते. आणि मला हे समुद्र बघायला नेत नाहीयेत. चार दिवस मागे मधे बसून एकाचं नाक पुसायचं, दुसरीला भरवायचं आणि दर दोन तासांनी कुणाचं तरी ढुंगण धुवायचं, ह्यासाठी नेतायत. ते मी इथे धुतेच, त्यासाठी देवगडला कशाला जायला पाहिजे? त्या चार दिवसांत आमच्या सोसायटीतल्या बायका नाटकाला चालल्यात. माझं तिकीट काढलंय. तर माझं नाव काढून टाका आणि राग धरू नका. झालं."

मग चंदू हळूच म्हणाला, "व्हय म्हाराजा."

"आई, तिकीट काढलंयस?" जान्हवीने विचारलं. "मग मला सांगणार कधी होतीस?"

"आदल्या दिवशी गुडघा दुखणार होता," शेवंतीबाई म्हणाल्या आणि चकली उचलली. "भाऊ, आता ह्यांचं नाव परत घाला. ह्यांची जागा झाली."

चंदूने ते विनातक्रार घातलं. नियमांत तेवढी सूट होती असं दिसलं. त्याला बहुधा जेवायला जायचं होतं. फोन बंद झाला.

मला वाटलं, आता आनंद व्हायला हवा. होत होता, पण जान्हवीने लॅपटॉप उघडला आणि ती तक्त्याकडे बघत बसली.

"ठीक आहे," ती म्हणाली. "बाबा येतायत, मला आवडेलच. पण सुयोग चालवणार. मी पुढे रस्ता बघणार, कारण त्याला डावं-उजवं कळत नाही. मागे मधे जो बसेल त्याला सगळं करावं लागणार. नाक, ओकारी, आणि ते दुसरं. बाबा, जमेल तुम्हाला?"

"अहो आजोबा," शेवंतीबाईंनी विचारलं, "कधी कुणाची धुतलीय का?"

"नाही," मी म्हणालो.

"सुयोगचीसुद्धा नाही?"

त्या काळी पुरुष धुवत नसत, असं सांगता आलं असतं. खरं म्हणजे सुयोगची हाक आली की मी पुस्तक घेऊन गॅलरीत जात असे. ते सुयोगसमोर सांगायची लाज वाटली, पण त्याच्या चेहऱ्यावरून त्याला माहीत असावं.

"आणि तो आजीशिवाय कुणाला हात लावू देत नाही," जान्हवी म्हणाली. "मला पण नाही. आई नसेल तर दोन-दोन दिवस धरून ठेवतो. घाटात तसं झालं तर मी काय करू? बाबा, राग मानू नका, पण हे जमलं नाही तर आपण सहल पुढे ढकलू."

ती चुकीचं बोलत नव्हती. चौतीस वर्षांच्या दाव्यांत मी पुष्कळ घाट वाचले होते.

मी काहीतरी उत्तर जुळवत होतो. तेवढ्यात आतून हाक आली. देवेश चकल्या खाऊन कधी उठून गेला ते कुणी पाहिलं नव्हतं.

"आजी. झाली."

शेवंतीबाईंनी डब्यातून तिसरी चकली घेतली आणि त्या खुर्चीत मागे रेलून बसल्या. सुयोग मोबाइल बघू लागला. जान्हवी माझ्याकडे बघत नव्हती, पण टाइप करायची थांबली होती.

मी उठलो. गॅलरीचं दार डावीकडे होतं, संडासाचं उजवीकडे. मी उजवीकडे गेलो.

देवेश कमोडवरच्या छोट्या सीटवर पाय हलवत बसला होता. त्याने माझ्या मागे कुणी आहे का ते पाहिलं.

"आजी पाहिजे," तो म्हणाला.

"आजी येत नाही. तिने देवाला तसं सांगितलं."

त्याने यावर विचार केला. मी दारात उभा होतो. आत जावं की परवानगी मागावी हे मला समजत नव्हतं, म्हणून मी परवानगी मागितली.

"मी धुऊ का?"

"तुला येतं?"

"नाही," मी म्हणालो. "तू सांगशील तसं करतो."

हे त्याला कुणी आजवर म्हटलं नसावं. त्याने पाय हलवायचे थांबवले आणि मला वरून खालपर्यंत नीट पाहून घेतलं.

"आधी बाही वर कर," तो म्हणाला.

मी केली.

"दुसरी पण."